गुलाबाची निवड आणि त्याच्या झाडातील दुसरे झाड

पुणे शहरात दर वर्षी जानेवारी महिन्यात एम्प्रेस उद्यानात पुष्पप्रदर्शन भरते. पूर्वी ‘सोल्जर्स गार्डन’ या नावाने ओळखली जाणारी ही बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या १८३० साली स्थापन झालेल्या संस्थेच्या व्यवस्थेखाली आहे. प्रदर्शनातील गुलाब पाहून पुष्कळ लोक परतताना एखादे रोप विकत घेतात. ते घराच्या अंगणात, गच्चीवरील कुंडीत किंवा शाळेच्या बागेत लावले जाते. पहिल्या वर्षी मनाजोगी फुले येतात. दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी मात्र झाड पूर्वीपेक्षा जोमाने वाढते, लांबलचक फांद्या टाकते आणि फुले एक तर येत नाहीत, किंवा आली तर लहान, फिकट, भलत्याच रंगाची येतात. मग कोणी म्हणते, माती मानवली नाही; कोणी म्हणते, रोपवाल्याने फसविले; आणि बहुतेक जण म्हणतात, गुलाब रानटी झाला. शाळेत ज्या मुलांनी त्या रोपाला पाणी घातलेले असते ती मुले गुरुजींना कारण विचारतात. त्या प्रश्नाचे बरोबर उत्तर शिक्षकाजवळ असावे.

गुलाब रानटी होत नसतो. विकत आणलेले गुलाबाचे रोप हे बहुधा एक झाड नसून दोन झाडे असतात. जमिनीतील मुळे आणि बुंध्याचा खालचा भाग एका काटक गुलाबाचा असतो; त्यास खुंट म्हणतात. त्या खुंटाच्या सालीवर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा छेद घेऊन त्यात निवडलेल्या जातीचा एक डोळा बसवितात आणि पट्टीने घट्ट बांधतात. यालाच डोळा भरणे म्हणतात. डोळा फुटून वाढू लागला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकतात. त्यानंतर मुळे एकाची आणि फुले दुसऱ्याची, असा हा संसार चालतो. सांध्याच्या जागी बुंध्यावर एक गाठ राहते. त्या गाठीच्या खालून निघालेली प्रत्येक फूट खुंटाची असते. ती वेळीच काढली नाही तर मुळांनी शोषलेला रस प्रथम तीच घेते, आणि वरचा निवडलेला गुलाब उपाशी राहून वाळतो. मालकाला वाटते, तेच झाड बदलले. वस्तुतः एक झाड मेलेले असते आणि दुसरे जगलेले असते.

खुंटाची फूट ओळखण्याचा एक समज सर्वत्र रूढ आहे : पानात पाच पर्णिका असल्या तर चांगली फांदी, सात असल्या तर रानटी. हा समज मुलांना शिकवू नये. अनेक उत्तम जातींच्या पानांतही सात पर्णिका असतात, आणि केवळ या नियमावर विसंबून चांगल्या फांद्या कापल्या गेल्याची उदाहरणे बागकाम करणाऱ्यांना ठाऊक आहेत. खरी परीक्षा एकच. बुंध्याजवळची माती हळूच बाजूला करावी, गाठ शोधावी आणि फूट गाठीच्या वरून निघाली आहे की खालून, हे डोळ्यांनी पाहावे. खालून निघाली असेल तर ती कात्रीने न कापता कोवळी असतानाच मुळापासून ओरबाडून काढावी. कापल्यास बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून पुन्हा दोन-चार फुटी येतात. निरीक्षणाचा याहून सोपा आणि याहून निर्णायक पाठ शाळेच्या बागेत क्वचितच सापडेल. रोप लावताना गाठ जमिनीच्या वर चार बोटे ठेवण्याचे कारणही यातच आहे. पावसात वाहून आलेल्या मातीने ती झाकली गेल्यास माती पुन्हा काढावी.

डोळाच का भरावयाचा, बी का पेरावयाचे नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. गुलाबाच्या फळातील बी पेरले तर रोपे उगवतात. परंतु कोणतेही रोप आईसारखे निघत नाही. नवी जात याच मार्गाने निर्माण होते. फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ यांनी १९३५ च्या सुमारास केलेल्या संकरातून एक रोप निघाले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्याचे डोळे परदेशी पाठविले गेले, आणि २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेत त्या गुलाबास ‘पीस’, म्हणजे शांतता, हे नाव देण्यात आले. पिवळसर पाकळ्यांना गुलाबी कडा असलेला हा गुलाब आज पुण्याच्या एखाद्या अंगणात फुललेला असेल, तर तो त्या एकाच रोपाचा, डोळ्यामागून डोळा असा येथवर आलेला भाग होय. भारतात या कामी डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ते मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ. भारतीय कृषि संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक. ‘दिल्ली प्रिन्सेस’ ही त्यांनी तयार केलेल्या गुलाबांपैकी एक जात, आणि भारतातील गुलाबावर त्यांनी १९६६ साली ग्रंथही प्रसिद्ध केला.

आता निवडीविषयी. छायाचित्रातील रंग पाहून जात घेणे ही पहिली चूक. पुण्याचा हिवाळा गुलाबाला मानवतो, पावसाळा मानवत नाही आणि एप्रिल-मेचे ऊन फुलांचा आकार व रंग दोन्ही कमी करते. म्हणून नवशिक्याने काटक जात घ्यावी. ‘क्वीन एलिझाबेथ’ (१९५४) उंच वाढते आणि तिला गुलाबी फुले भरपूर येतात. ‘आइसबर्ग’ (१९५८) पांढरी असून झुपक्याने फुलते व कुंडीतही चांगली राहते. लाल हवा असेल तर ‘ग्लॅडिएटर’ घ्यावा. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी तो उघड्या शेतात वर्षानुवर्षे पिकविला आहे. ‘क्रिमसन ग्लोरी’ (१९३५) गडद लाल आणि सुवासाने अप्रतिम, परंतु फुलाची मान कमकुवत, त्यामुळे फूल खाली झुकते. ‘सुपरस्टार’चा (१९६०) शेंदरी रंग कोणालाही भुरळ घालतो, मात्र थंडीत भुरी रोग त्याच्यावर लवकर पडतो, हे ध्यानात घेऊनच तो निवडावा. मावळात तळेगावच्या परिसरात हरितगृहांतून जे लांब देठाचे गुलाब निघतात त्यांच्या जाती त्या बंदिस्त हवेसाठी आहेत. त्या अंगणात लावून निराश होऊ नये.

ज्या शाळेस वर्षभर राखण करणे शक्य नाही तिने गुलकंदासाठी वापरतात तो सुवासिक गावठी गुलाब लावावा. तो पेन्सिलएवढ्या जाड काडीपासून येतो, त्यात खुंट नाही, गाठ नाही; जे मूळ तेच फूल. प्रदर्शनात त्यास बक्षीस मिळणार नाही, पण मुलांच्या ओंजळीत त्याचा वास दिवसभर टिकतो. एक गावठी आणि एक डोळा भरलेला, अशी दोन झाडे शेजारी लावल्यास वरील सर्व पाठ मुलांना नुसते पाहून समजेल.

जागा निदान सहा तास उन्हाची असावी. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, यास्तव तेथे मुरूम व शेणखत मिसळून वाफा उंच करावा. मावळ-मुळशीकडील पावसात पानांवर काळे ठिपके पडतात. अशी पाने वेचून जाळावी. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहतात. हे पाण्याच्या कमतरतेचे लक्षण नव्हे, तर तेथे लोह झाडास मिळत नाही, म्हणून पाणी वाढवू नये. पाणी सकाळी बुंध्याशी द्यावे, पानांवर नव्हे.

छाटणी पाऊस ओसरल्यावर करावी. वाळक्या, रोगट व काडीसारख्या बारीक फांद्या मुळाशी कापाव्या. उरलेल्या फांद्यांवर चार-सहा डोळे ठेवून, बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्यावा व जखमेस बोर्डो मलम लावावे. छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत फुले येतात. पंडित नेहरूंच्या कोटावरील गुलाबामुळे बालदिनास, म्हणजे १४ नोव्हेंबरला, शाळेचे स्वतःचे फूल असावे असे मुलांना वाटणारच. त्या दिवसापासून ४५ दिवस मागे मोजले असता ३० सप्टेंबर ही तारीख येते. पुण्याकडे तेव्हा परतीचा पाऊस बहुधा संपलेला नसतो आणि ओल्या हवेत कापावर शेंडेमर रोग शिरण्याची भीती असते. म्हणून एकच झाड ३० सप्टेंबरला छाटावे, बाकीची ऑक्टोबरच्या मध्यास. आणि प्रत्येक झाडाशी जातीचे नाव व छाटणीची तारीख लिहिलेली पाटी रोवून, पहिली कळी कोणत्या दिवशी उमलली याची नोंद मुलांकडून ठेवून घ्यावी.