डोलकाठीच्या तारा : १ ऑगस्टच्या आधी तपासून घ्या



३१ जुलैला मासेमारी बंदी संपते. इंजिन, जाळी, रंगकाम याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा तशाच राहतात. भरलेलं जाळं बूमवर लटकतं तेव्हा सगळा भार या तारांवर येतो, आणि खाली आपलीच पोरं उभी असतात. लक्षात ठेवा, तार मध्यावर क्वचितच तुटते. ती तुटते टोकाला, क्लिप आणि शॅकलजवळ. म्हणून तपासणी टोकापासून सुरू करा.

१. तार तपासणे : वायर ब्रशने मीठ-गंज काढा. हातमोजे घालून तारेवरून फडकं फिरवा. फडकं अडकलं तर तिथे बारीक तार तुटली आहे. टोकाजवळ तुटलेली बारीक तार दिसली, किंवा पेडांमधून लाल भुकटी येत असेल, तर तार बदलाच. वरून ग्रीस फासून आतला गंज थांबत नाही.

२. क्लिप : १२ मिलिमीटर तारेला कमीत कमी ३ क्लिपा हव्यात, दोन क्लिपांत साधारण ७५ मिलिमीटर अंतर. क्लिपचा जाड, खाचांचा भाग भार घेणाऱ्या लांब तारेवर बसवा आणि यू-बोल्ट दुमडलेल्या आखूड टोकावर. उलट बसवली की यू-बोल्ट भाराची तारच चेपतो. फाशात थिंबल घाला. भार आला की तार किंचित बारीक होते, म्हणून पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळा.

३. टर्नबकल : दोन्ही बाजूंचे आटे आतल्या फटीतून दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर पकड अपुरी आहे. इंजिनाच्या थरथरीने टर्नबकल आपोआप सैल होतो, म्हणून ताण झाल्यावर बांधतारेने अडकवून टाका. जस्ताच्या तारेला स्टीलची शॅकल लावू नका, खाऱ्या पाण्यात आधी जस्त जातं आणि मग तार गंजते.

४. ताण देणे : बोट जेटीला शांत पाण्यात बांधलेली आणि बूम रिकामी हवी. डोलकाठीच्या टोकापासून दोन्ही बाजूंच्या काठापर्यंत टेपने मोजा, माप सारखं यायला हवं. एका बाजूला अर्धा फेरा, मग दुसऱ्या बाजूला अर्धा फेरा, असं आवळत जा. जास्त ताणलं तर डोलकाठी बुडाशी डेकवर दाबते. सैल ठेवलं तर बोट डुलली की काठीला हिसका बसतो, आणि हिसक्यानेच आटे आणि वेल्डिंग जातं.

५. तार बदलताना : एका वेळी एकच तार सोडा. त्याआधी त्या बाजूने डोलकाठीला दुसरा मजबूत दोर बांधून घ्या.

शेवटी दोन सवयी सोडूया. विंचवरून उतरवलेली जुनी तार आधाराला वापरणे, कारण ती ड्रमवर वाकून आधीच थकलेली असते. आणि इंजिनाचं जळकं ऑईल तारेवर ओतणे, कारण त्यातल्या काजळीने आणि आम्लाने तार खराब होते. वायर रोपसाठीचं ग्रीसच घ्या.

तार बदलायची की नाही यात शंका असेल तर टोकाचा फोटो काढून तांडेलासोबत कार्यालयात या. बंदी संपण्याआधी या.

तुमचा,
सचिव