घरकुल, रोजी आणि हप्ता



आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात मजुराचे वर्ष कामावरून मोजतात. आषाढ-श्रावणात धानाचा रोवणा. दिवाळीच्या पुढे-मागे कापणी, मग मळणी. पौष-माघात कित्येक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, खम्मम-वरंगलकडे. परत येऊन मोह वेचायचा, आणि वैशाखात तेंदूपत्ता. ज्या महिन्यात काम, त्या महिन्यात पैसा. भाद्रपद-आश्विनात घरात फारसे काही येत नाही. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने दारात उभा. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, ते आज पाहू.

२०२० साली २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. आमच्याकडचे पुष्कळ मजूर तेव्हा तेलंगणात मिरचीच्या शेतांवर होते. काम थांबले, गाड्या थांबल्या. कित्येक जण बायकामुलांसह पायीच गावाकडे निघाले.

त्या वेळी रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. गावोगाव बोलणे झाले, "हप्ते माफ झाले!" माफ कुठले हो! हप्ता थांबला, व्याज चालूच राहिले. समजा, ३०,००० रुपये कर्ज आहे आणि व्याज वर्षाला शेकडा २४. म्हणजे महिन्याचे व्याज ६०० रुपये. सहा महिने काहीच भरले नाही, तर ३,६०० रुपये वाढले. व्याजाला रविवार नाही आणि पोळाही नाही.

पुढे टाळेबंदी उठली. देशाचे उत्पन्न २०२०-२१ मध्ये घटले होते, ते २०२१-२२ मध्ये पुन्हा वाढले. पेपरात आले, बाजार सुधारला. खोटे नव्हते ते. पण बाजार सुधारल्याची बातमी आधी येते आणि मजुराच्या हाती रोजी मागाहून येते. कोळशाच्या खाणीत किंवा सिमेंटच्या कारखान्यात जो कायम नोकरीवर आहे, त्याचा पगार ठरलेला. ठेकेदाराच्या हाताखालच्या माणसाला मात्र आज बोलावणे, उद्या नाही. असे अर्धेमुर्धे काम असते, त्याच दिवसांत माणूस कर्जात जास्त फसतो. 'आता काम सुरू झालेच आहे, फेडू की' असे म्हणून तो नवी उचल करतो.

हे काही आजचे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांना सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, सरकारी साराही वाढला होता. कर्जाचा कागद मात्र तसाच राहिला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात लोकांनी सावकारांवर हल्ला केला. तेथून दंगे पसरले, कर्जरोखे जाळले गेले. मग १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. कर्ज तेजीत काढले आणि फेड मंदीत आली, अशी ती गोष्ट.

आता घराकडे वळू. पंतप्रधान आवास योजना २०१६ साली खेड्यांसाठी निघाली. तेव्हा सपाट भागात घरामागे १,२०,००० रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागात १,३०,००० रुपये ठरले. आदिवासींसाठी शबरी घरकुल आहे, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे. पैसा एकदम मिळत नाही. जोता झाला की फोटो काढतात, मग पुढचा हप्ता खात्यात येतो. भिंती झाल्या की त्यापुढचा.

गोम इथेच आहे. चैत्रात जुने घर पाडले. जोता झाला. पुढचा पैसा येईना. वर मृग नक्षत्र तोंडावर. आमच्या भागातला पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ताडपत्रीखाली चार महिने लेकरे कशी ठेवायची? मग जो कोणी पैसा देईल त्याच्याकडे माणूस धावतो आणि कागद न वाचता सही करतो. म्हणून आमचे सांगणे असे, की पहिला हप्ता पासबुकात दिसेपर्यंत जुन्या घराच्या कुडाला हात लावू नका. शक्य तर नवे घर बाजूला बांधा, जुनी एक खोली राहू द्या. आधी भिंती आणि छप्पर. गिलावा, रंग, फरशी पुढच्या तेंदूपर्यंत थांबली तर कोणी हसणार नाही. हसले तर हसू द्या!

कर्ज घ्यावेच लागले तर आधी व्याजाची भाषा ओळखा. गावचा सावकार म्हणतो, "शेकडा पाच." ते महिन्याचे असते. वर्षाचे झाले शेकडा ६०. परवान्याशिवाय सावकारी करणे २०१४ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यात, सहायक निबंधकाकडे करता येते.

दुसरा म्हणतो, "फक्त बारा टक्के, सरळ." समजा, १२,००० घेतले. वर्षाचे व्याज १,४४०. दरमहा १,१२० भरायचे. पण पहिल्या महिन्यापासून तुम्ही मुद्दल परत करीत असता. दरमहा एक हजार मुद्दल फिटते. बारा महिन्यांची सरासरी काढली तर तुमच्याकडे राहिलेले मुद्दल ६,५०० भरते. त्यावर १,४४० व्याज, म्हणजे शेकडा २२ च्या आसपास. म्हणून विचारावे, "व्याज उरलेल्या मुद्दलावर की पहिल्या मुद्दलावर?"

तारण न घेता लहान कर्जे देणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिले. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, त्याच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. कर्जाचा कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत हवा. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर बोलावू नये. दमदाटी तर नाहीच.

नियम चांगले आहेत. पण एक ध्यानात घ्या. समजा, घराचे वर्षाचे उत्पन्न ९६,००० रुपये. बाराने भागले, महिन्याचे ८,००० आले. निम्मे ४,०००. हप्ता २,२०० रुपयांचा आहे, म्हणजे नियमात बसला. आणि भाद्रपदात घरात आले २,५०० रुपये. हप्ता भरून उरले ३००. नियम मोडला नाही, पण चूल थंडावली. कंपनीने सरासरी पाहिली, तुम्ही सर्वांत कोरडा महिना पाहा. त्या महिन्यात जेवढा हप्ता सुखाने निघेल, तेवढेच कर्ज आपले. हप्ता आठवड्याचा की महिन्याचा, हे कर्जदाराच्या सोयीने ठरवता यावे, असेही त्याच नियमांत आहे. विचारायला लाजू नका. बचत गटातल्या बाया हे जास्त नेटाने विचारतात, असा आमचा अनुभव आहे.

गावातच काम मिळाले तर उचलीची गरजच कमी पडते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकायला सुरुवात केली. बांबू तोडणीची मजुरी गावात आली. प्रत्येक गावाला इतके जंगल नाही, हेही खरे.

आता पाटी घ्या. वरच्याच घराचा हप्ता २,२०० रुपये आहे. भाद्रपद आणि आश्विन या दोन महिन्यांचे हप्ते मिरचीच्या मजुरीतून आधीच बाजूला काढायचे आहेत. माघात घरी १२,००० रुपये आले. हप्त्यांचे पैसे वेगळे ठेवल्यावर हाती किती उरतील? हिशेब मांडा आणि घरच्यांना वाचून दाखवा.