आमची जुनी सुमो



चिखलीत खामगाव रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. नव्या मोटारींच्या गर्दीत एखादी जुनी सुमो किंवा जीप तुम्हांला हमखास दिसेल. लग्नाचे वऱ्हाड असो, सैलानीची यात्रा असो, की रात्री-अपरात्री दवाखान्यात जाणे असो, आपल्या भागात अशीच मोठी गाडी उपयोगी पडते. तुमच्याही घरी किंवा मोहल्ल्यात अशी एखादी गाडी असेल.

सुमो ही गाडी टेल्को कंपनीने १९९४ साली बाजारात आणली. कंपनीचे माजी प्रमुख सुमंत मूळगावकर यांचे नाव व आडनाव इंग्रजीत लिहा. प्रत्येकातील पहिली दोन अक्षरे घेतली की 'सुमो' हा शब्द तयार होतो. २००३ साली टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले. २०१९ साली सुमो तयार होणे बंद झाले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक सुमो वापरलेलीच आहे. माणसाचे वय झाले की आपण त्याची जास्त काळजी घेतो. गाडीचेही तसेच आहे.

मी सातवीत असताना आमच्या अब्बांनी एक जुनी सुमो विकत घेतली. दर शुक्रवारी सकाळी ती धुण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा मला मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला. मी तो फडक्याने पुसला. पुढच्या शुक्रवारी डाग पुन्हा तेथेच होता. मी पुन्हा पुसला. कोणाला काही सांगितले नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही मामूजानना मलकापूरच्या रेल्वे स्थानकावर सोडायला निघालो. बुलढाणा मागे पडले आणि राजूर घाटाचा उतार सुरू झाला. एका वळणावर अब्बांनी ब्रेक दाबला, तर पॅडल एकदम खाली गेले. गाडीत आम्ही सातजण होतो. अब्बा घाबरले नाहीत. त्यांनी गिअर एक-एक करून कमी केला, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला नेऊन थांबवली. मामूजाननी उतरून चाकामागे मोठा दगड लावला. बराच वेळ कोणीच बोलले नाही.

मिस्त्रीचाचांनी चाक उघडले आणि म्हणाले, "आतले रबर जुने झाले आहे. ब्रेक ऑइल कितीतरी दिवसांपासून गळत असेल. कोणाच्या लक्षात नाही आले का?"

माझ्या लक्षात आले होते. मी रडत रडत सगळे सांगितले. अब्बा रागावले नाहीत. ते म्हणाले, "बेटा, डाग पुसायचा नसतो. तो कुठून आला, ते शोधायचे असते." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक वही आणून दिली.

त्या वहीत मी दर शुक्रवारी नोंदी करू लागले. तुम्हीही अशी वही ठेवू शकता. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सपाट जागी उभी करावी. पट्टी बाहेर काढून इंजिन ऑइल पाहावे. रेडिएटरचे पाणी, ब्रेक ऑइल आणि टायरची हवा तपासावी. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या असतील तर टायर बदलावा. शेवटी गाडीखाली वाकून पाहावे, की जमिनीवर काही थेंब पडले आहेत का. तारीख, गाडी किती किलोमीटर चालली आणि काय वेगळे दिसले, हे लिहावे व मोठ्यांना लगेच सांगावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. ते कधी बदलले, हे वहीत लिहिले नाही तर कोणाच्या लक्षात राहणार?

गाडी बंद पडली, तर लगेच सगळे खोलू नये. आधी विचार करावा. सुमोचे इंजिन डिझेलचे असते. त्यात ठिणगी देणारा प्लग नसतो. हवा जोराने दाबली की ती तापते आणि त्या हवेत डिझेल पेटते. चावी फिरवल्यावर नुसता टकटक आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर बॅटरीकडे पाहावे. इंजिन चांगले फिरते, पण सुरू होत नाही, तर डिझेल पोहोचते का, ते पाहावे. टाकी रिकामी असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा नळीत हवा शिरली असेल.

धूरही खूण सांगतो. काळा धूर येत असेल तर हवेचा फिल्टर तुंबलेला असू शकतो. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळत आहे, असे समजावे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर गाडी मिस्त्रीला दाखवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर दोष कशात होता ते कळत नाही.

घरी काम करताना काही नियम मोडू नयेत. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. बॅटरीजवळ काडी पेटवू नये, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. जुने ऑइल नालीत ओतू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग यांचे काम जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

जुन्या गाडीत सुधारणाही करता येते. पण आधी काय करावे? आमच्या भाईजानना समोर मोठा लोखंडी गार्ड लावायचा होता. अशा गार्डमुळे पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. अब्बांनी त्याच पैशांत नवे टायर, ब्रेकच्या नव्या नळ्या आणि मागच्या सीटचे पट्टे बसवले. भाईजान थोडे नाराज झाले. पुढे पावसात त्याच घाटातून गाडी नीट उतरली, तेव्हा मात्र ते हसले.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तपासणीच्या दिवशी आमची वही अब्बांनी सोबत नेली होती.

मित्रांनो, गाडी अचानक बिघडते, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती आधी खूण देते. कधी थेंब पडतो, कधी वास येतो, कधी आवाज बदलतो. ती खूण घरातल्या लहान मुलालाही दिसू शकते. दिसली तर पुसू नका, सांगा.

शब्दार्थ

हमखास – नक्की, जरूर
वऱ्हाड – बारात
खाच – टायरवरील खोल रेघ
तुंबणे – अडकून बंद होणे
जाणकार – माहिती असलेला, वाकबगार
इजा – दुखापत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सुमो गाडी बाजारात केव्हा आली?
(आ) लेखिकेला चाकावर काय दिसले?
(इ) घाटात अब्बांनी गाडी कशी थांबवली?

२. कारणे लिहा.
(अ) एका वेळी एकच गोष्ट बदलावी.
(आ) बॅटरीजवळ काडी पेटवू नये.

३. 'खूण', 'हवा', 'नोंद' हे शब्द वापरून वाक्ये तयार करा.

४. तुमच्या घरातील सायकल, शिलाई मशीन किंवा पंख्याची आठ दिवस पाहणी करा आणि पाच ओळींची नोंद लिहा.