आधी भावंडं बघून ये

तुझ्या कारवानी कुत्रीच्या बेंबीला बोराएवढी गाठ आहे, पुढच्या माजाला तिला नर दाखवू का, असं फोनवर विचारलंस. हो-नाही फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हे. बस जरा.

तिला उताणी निजव आणि गाठ अंगठ्यानं हलकेच दाब. आत गेली आणि खालच्या भोकात करंगळीचं टोकही शिरत नसेल, तर बहुतेक चरबीच आहे, तिला कसला त्रास नाही. बोट जात असेल तर आतडंही उतरेल. गाभण असताना पोट ताणलं की धोका वाढतो. तसं असेल तर आधी टाके घालून घे. गाठ कडक, दुखरी झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. भूल देण्याआधी जात सांगायला विसरू नकोस. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, भुलीची काही औषधं लवकर उतरत नाहीत.

टाक्यांनी पोट शिवलं जाईल, पण रक्त होतं तसंच राहील. आईनं नाळ ओढून तोडली म्हणून असं होतं, असं सांगणारे भेटतील. एखाद्या पिल्लाचं झालंही असेल तसं. पण एका वेतात तिघांना गाठ असेल तर आईच्या दातांवर खापर फोडू नये.

म्हणून कुत्रीपेक्षा तिची भावंडं बघ. हे मी पैसे मोजून शिकलोय, लेका. माझ्याकडे एक नर होता. छाती खोल, पोट आत ओढलेलं, धावायला लागला की माणसं बांधावर उभी राहायची. त्याचं एकच अंड खाली उतरलेलं. एकानं भागतंय की, असं म्हणून मी तो लावला. भागलंही, खाली असलेलं अंड काम करतंच. सात पिल्लं झाली, चार नर, त्यांतले दोन बापासारखे. बरं, पोटात राहिलेल्या अंडाला पुढे गाठी धरण्याचा धोका कितीतरी जास्त असतो, म्हणून त्या दोघांच्या ऑपरेशनचा खर्च मीच दिला. नरही खच्ची करून घेतला. वाटलं, मिटलं.

मग त्याचीच एक मुलगी ठेवली होती, ती एका निर्दोष नराला लावली. तिच्या वेतात पुन्हा तेच. मादीत हा दोष दिसायचा कुठे? तिला तो अवयवच नाही. पण ती तो दोष पोटात घेऊन फिरते. नर टाकून दिला आणि बहिणी ठेवल्या, म्हणजे निम्मंच घर झाडलं. तसल्या नराला कधी लावायचं नाही, आणि ज्या जोडीतून तो झाला ती जोडी पुन्हा जमवायची नाही.

बेंबीच्या गाठीला मी एवढा कडक नाही. आपण कारवानी म्हणतो, मुधोळकडे मुधोळ म्हणतात. 2005 साली टपालाच्या तिकिटावर चढली ती हीच जात. पण चांगली घराणी मोजकीच उरलीत. बारक्या खोडीपायी एकेक कुत्री बाजूला काढत गेलो, तर उरलेल्यांच्या आपसांतच जोड्या लागतील, आणि त्यातून निघेल ते बेंबीपेक्षा वाईट असेल. तुटलेला दात, फाटलेला कान यांची तर मी मोजदादही करत नाही, ते पिल्लांत उतरत नाही.

तेव्हा असं कर. ती आता चौदा महिन्यांची. कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे अठरा महिन्यांआधी लावायचीच नाही, त्यामुळे वेळ आहे. तिच्या वेतातली पिल्लं कुणाकुणाकडे गेली ते काढ. प्रत्येकाच्या दारात जाऊन पोटाखालून हात फिरव, नरांची अंडं मोज, आणि सगळं वहीत लिही. लोक हसतील, हसू दे. गाठ तिच्या एकटीलाच असेल, तर लांबच्या रक्ताचा, स्वच्छ पोटाचा नर शोधू. दोघा-तिघांना निघाली तर तिला अंगणात राखणीला ठेव. कुत्री म्हणून ती काही कमी होत नाही.

आणि वेत झालंच तर घेणाऱ्याला गाठीचं आधी सांगायचं. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की मला बोलाव, नर मी तपासतो. तोवर कुणाकडून इसार घेऊ नकोस.