पाडसवाली हरिणी आणि शिकाऱ्याचा धर्म

वाशीम जिल्ह्यातील, विशेषतः कारंजा तालुक्यातील, गवताळ माळांवर काळविटांचे कळप अद्याप दृष्टीस पडतात. सोहोळ येथील सुमारे 18 चौरस किलोमीटरांचे अभयारण्य सन 2000 मध्ये मुख्यतः याच प्राण्याकरिता जाहीर झाले. कळपातील काळा, पिळदार शिंगांचा तो नर. बदामी रंगाची, बहुधा शिंगे नसलेली ती मादी. या मादीचा एक स्वभाव ध्यानी घेतल्यावाचून प्रस्तुत प्रश्नाचा उलगडा व्हावयाचा नाही. सुमारे सहा महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर तिला बहुतकरून एकच पाडस होते, आणि आरंभीचे काही दिवस ते उंच गवतात दडून असते. आई दूर चरते. दूध पाजावयास तेवढी जवळ येते. पाडस निश्चल पडून राहते, हेच त्याचे संरक्षण.

पाडसे बरोबर असलेल्या मादीवर गोळी झाडू नये, असा जुन्या शिकाऱ्यांचा एक संकेत असे. संकेत उदार खरा; परंतु काळविटाच्या बाबतीत तो लंगडा पडतो. पाडस आईमागे धावू लागले म्हणजे ते थोडे मोठे झालेले असते; जी मादी एकटीच दिसते, तिचेच पाडस गवतात अगदी कोवळे असावयाचा संभव अधिक. मग दया कोणावर झाली? डोळ्यांना जे दिसले तेवढ्यावरच! बंदुकीची गोळी एकदा सुटली की विचारास अवकाश उरत नाही.

फाशाचे तसे नाही. फाशात सापडलेली गाभण मादी व पाडसे फासेपारधी लोक सोडून देत असत, असे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नमूद केले आहे. जनावर हातात जिवंत येते, त्याचे पोट चाचपून पाहता येते, आणि निर्णय त्यानंतर करता येतो. पुढच्या वर्षाच्या कळपावर ज्यांचे पोट अवलंबून, त्यांना हा विवेक कोणी शाळेत शिकविला नव्हता. ज्यांना आपण रानटी म्हणून नाके मुरडतो, त्यांचा हा आचार आहे.

पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या 22 व्या अध्यायात, घरट्यातील पक्षिणीस पिलांसह धरू नये, आईस सोडून द्यावे, अशी आज्ञा आहे. पक्षीण सुटली तर पुन्हा घरटे बांधील. हरिणीस हा नियम शब्दशः लावता येत नाही, कारण येथे आई गेली की दूधपिते पाडसही जाते. एका गोळीने दोन जीव. आज्ञेचा आशय मात्र तोच लागू पडतो. महाशिवरात्रीची व्याधाची कथा तर घरोघर ठाऊक आहे: हरिणी पाडसांना भेटून येण्याची मुदत मागते आणि वचनाप्रमाणे परत येते. त्या कथेत व्याधाने थांबून तिचे म्हणणे ऐकले, ही गोष्ट मला तिच्या परत येण्याहूनही मोठी वाटते.

येथे शेतकऱ्याची बाजू टाळून चालावयाचे नाही. कळप हरभऱ्यात शिरला की रात्रीत पीक जाते, आणि कर्ज फेडावयाचे असते त्याला. त्याचा संताप खोटा नव्हे. तथापि कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडणे हा उपाय सर्वांत वाईट. बंदुकीमागे निदान डोळा असतो, तारेला तोही नाही. तिने हरिणी मरते, गाय मरते, प्रसंगी शेजारचा माणूसही मरतो. पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडून भरपाई मागता येते. ती पुष्कळदा उशिरा व अपुरी मिळते, हे गाऱ्हाणे निराळे, आणि ते वडीलधाऱ्यांनी जोराने मांडावे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार, नर असो वा मादी, गुन्हा ठरविली आहे. शिक्षा किमान 3 वर्षे. म्हणून आज आपल्या मुलांपुढे बंदुकीचा प्रश्न सहसा येत नाही. येतो तो निराळाच. सोयाबीन सोंगताना एकटे पाडस आढळते, आणि दयेपोटी मुले ते उचलून घरी आणतात. ते टाकलेले नसते. त्याला हात लावू नये, कुत्री बांधावीत, तेवढा तुकडा त्या दिवशी न सोंगता सोडून दूर व्हावे. आई बहुधा आसपासच उभी असते आणि माणसे हटेपर्यंत जवळ येत नाही.