पंपाचा गुण का येईना?

प्रश्न : दम्याचा निळा पंप हल्ली दिवसातून चार-पाचदा घेते, तरी आराम पडत नाही. शरीराला सवय झाली का?

उत्तर : काही अंशी, हो. पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूपेशींवरील बीटा-२ ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) अ‍ॅड्रेनॅलिनसारखंच चेतवतं. पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, स्नायू सैलावतो. पण ग्राही सतत चेतलेला राहिला, की एक विकर त्याला फॉस्फेट जोडतं. मग बीटा-अरेस्टिन हे प्रथिन चिकटून संदेश तोडतं. पुढे ग्राहीच पेशीत ओढला जातो. काही परततात, काही आतच नष्ट होतात. (लेफ्कोविट्झ-कोबिल्का यांचं २०१२चं नोबेल अशाच ग्राहींवरील कामाचं.) तरी सगळा दोष ग्राहींचा नाही, बहुधा नळीची सूज वाढलीय. त्यावर स्टेरॉइडचा पंप लागतो, त्याने ग्राहींची संख्याही सावरते. डॉक्टरांना लगेच दाखवा. बोलतानाही धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा.