अहमदनगरच्या किल्ल्यातील बारा सहनिवासी

निरनिराळ्या प्रांतांची व भाषांची माणसे एके ठिकाणी काम करू लागली म्हणजे त्यांचे परस्परांशी जमावे कसे, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपुढे लवकरच उभा राहणार आहे. कोणी सुप्याच्या कारखान्यात जाईल, कोणी सैन्यात, कोणी परमुलखात. आपली बोली ऐकून लोक हसतील, ही धास्ती आम्ही वर्गात नित्य पाहतो. तिचा विचार करताना आपल्या नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याकडे दृष्टी वळवावी, असे आम्हांस वाटते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सभासदांना या किल्ल्यात आणून स्थानबद्ध केले. वल्लभभाई पटेल गुजराती, शंकरराव देव मराठी, कृपलानी सिंधी, पट्टाभि सीतारामय्या तेलुगू, प्रफुल्लचंद्र घोष बंगाली, हरेकृष्ण महताब उडिया. मौलाना आझाद तर जन्माने मक्केचे. नेहरू, पंत, नरेंद्र देव, असफ अली व सय्यद महमूद हे उत्तरेकडील. हा काही कारखाना नव्हता की कचेरी नव्हती. परंतु कचेरीतला मनुष्य सायंकाळी आपल्या घरी जातो, आपल्या माणसांत मनमोकळे बोलतो. या बाराजणांस तीही सोय नव्हती.

परस्परांशी बोलावयास हिंदुस्थानी व इंग्रजी होती. तेवढ्यासाठी कोणी आपली भाषा टाकून दिली नाही, हे विशेष. आझादांनी पत्रे लिहिली ती उर्दूत. 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती १९४६ साली प्रसिद्ध झाली. महताबांनी ओरिसाचा इतिहास उडियात लिहिला. नरेंद्र देव 'अभिधर्मकोश' हा बौद्ध ग्रंथ फ्रेंचमधून हिंदीत आणीत होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इंग्रजीत लिहिले, तेही १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर एवढ्या अवधीत.

आता पाहा, नेहरू केंब्रिजचे पदवीधर. पण या ग्रंथाला लागणारी सारी विद्या त्यांच्या एकट्याच्या पदरी नव्हती. आझादांपाशी अरबी-फारसीचे भांडार, नरेंद्र देवांपाशी संस्कृत-पालीचे. प्रस्तावनेत नेहरूंनी आपल्या अकराही सोबत्यांचे ऋण मानले असून आझाद, पंत, नरेंद्र देव व असफ अली यांचा नावानिशी विशेष उल्लेख केला आहे. सोबत्यास विचारण्यात कमीपणा आहे, असे ज्या मुलास वाटते त्याने ती प्रस्तावना अवश्य वाचावी. पालकांनीही वाचावी, कारण ही समजूत पुष्कळदा घरूनच येते. नेहरू तेथे बागेतही खपत, आणि खणता खणता जुन्या भिंतींचे अवशेष लागत. कुदळीच्या कामाला भाषा फारशी लागत नाही, ही त्यातली आणखी एक सोय!

तथापि भाषा जुळली म्हणजे सर्व जुळले, असे मात्र नव्हे. १९४४ च्या ऑक्टोबरात सय्यद महमूद यांची एकट्याची सुटका झाली. त्यांनी व्हाइसरॉयांस एक पत्र लिहिले होते आणि त्याची वार्ता एकाही सोबत्याला नव्हती. पुढे ती हकीकत बाहेर आली तेव्हा मागे राहिलेल्यांच्या मनाला ती फार लागली. महमूद व नेहरू केंब्रिजपासूनचे स्नेही. दोघांनाही उर्दू व इंग्रजी उत्तम अवगत होती, आणि दोन वर्षे ते एकाच छपराखाली राहिले होते.